अडीच केबीचा उपद्व्याप

गेल्या वर्षी पाऊस संपता संपता काकांचा फोन आला. ऑफिसात स्टँड-अप चालू होती, कट केला. लगेच परत आला. आमचे काका एकामागोमाग दोनदा फोन करणाऱ्यातले नाहीत, म्हणून बाहेर जाऊन उचलला.

"भाऊ, तू कम्प्युटरमध्ये आहेस ना? मग व्हायरसचं तुला कळत असेल."

मला वाटलं मोबाईल हँग झाला असणार. कुठली लिंक दाबलीत, काय डाऊनलोड केलंत, असं विचारायला सुरुवात केली.

"मोबाईलला नाही रे. पपईला. व्हायरस उना."

उना म्हणजे आला. आमच्या खानदेशात पाऊस उना, पाहुणा उना, तसाच व्हायरस उना. काकांची शहाद्याकडे तीन एकर पपई होती, ७८६ची. त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. शेंड्याची पानं पिवळी-हिरवी चितकबरी, काही तर आक्रसून बुटाच्या लेससारखी झालेली. देठांवर तेलकट रेघा. कोवळ्या फळांवर गोल गोल कडी, जणू कुणी बांगडी बुडवून शिक्के मारलेत. त्यामागोमाग एका बाटलीचा फोटो. "दुकानदार म्हणतो हे व्हायरसवर चालतं. घेऊ का?"

लंच ब्रेक होता. दोन मिनिटं गूगल केलं, लेबलवर बरंच काही छान छान लिहिलेलं होतं, आणि मी उत्तर दिलं, "घ्या काका, ट्राय करून बघा."

चार फवारण्या झाल्या. अकरा हजार रुपये गेले, मजुरी वेगळी. दिवाळीनंतर काकांनी बाग काढून टाकली. मला कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्यानंतरचे बरेच वीकेंड मी या एका विषयावर वाचत बसलो. (रूममेटला वाटलं मी जॉब बदलायची तयारी करतोय.) मी शेतीतज्ज्ञ नाही, जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं, त्यामुळे खाली जे लिहितोय ते एका इंजिनिअरला समजलेलं, इंजिनिअरच्या भाषेत. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. पिकांच्या व्हायरसवर आपण बाटलीत उत्तर शोधतोय. उत्तर बियाण्यात आहे, आणि तेही झाडाच्या स्वतःच्याच एखाददुसऱ्या प्रोटीनमध्ये. ते शोधायचं काम सरकारी पैशानं, आपल्याच संस्थांनी, पपईसारख्या पिकांसाठी करायला हवं आणि त्याची घाई करायला हवी.

आता हे का, ते बघू.

काकांच्या बागेत आलेल्याचं नाव पपया रिंगस्पॉट व्हायरस. आपल्याकडे तो नवा नाही. मुंबई प्रांतातल्या पपईवरच्या मोझॅकबद्दल कपूर आणि वर्मा यांनी १९४८ मध्येच 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं होतं. म्हणजे माझ्या आजोबांच्या वेळचा पाहुणा. त्याचा सगळा सोर्स कोड म्हणजे आरएनएची सुमारे १०,३०० अक्षरं. अक्षरं चारच प्रकारची, म्हणजे एका अक्षराला दोन बिट. करा गुणाकार: अडीच केबी. तुम्ही वाचताय हा लेख त्याहून कितीतरी मोठा आहे. पपईचा जीनोम २००८ मध्ये वाचला गेला, तो ३७ कोटी अक्षरांचा निघाला. साधारण छत्तीस हजार पट मोठ्या सिस्टिमला हे अडीच केबी आडवं पाडतं.

कसं? तर त्या अडीच केबीतून मुख्यतः एकच लांबलचक प्रोटीनची साखळी तयार होते. तिच्यातच तीन कात्र्या असतात. त्या साखळी कापून दहाएक तुकडे करतात. बास, एवढाच स्टाफ. व्हायरसकडे प्रोटीन बनवायचं यंत्र नाही, ऊर्जा नाही, भिंत नाही, काहीच नाही. जे काही करायचं ते पपईच्या पेशीतल्या प्रोटीन्सना हाताशी धरून. आमच्या भाषेत, कोड थोडा आणि डिपेंडन्सी भरपूर.

म्हणूनच फवारणीचा उपयोग होत नाही. बुरशीला स्वतःची पेशी असते, अळीला स्वतःचं पोट असतं, तिथे मारायला काहीतरी सापडतं. व्हायरस चालतो तो झाडाच्याच यंत्रावर. ते यंत्र मारायचं तर झाड मारावं लागेल. शेतात फवारून झाडातला व्हायरस बरा करेल असं औषध आजही बाजारात नाही. हे वाक्य मला त्या लंच ब्रेकमध्ये माहीत असायला हवं होतं.

यातली एक हातमिळवणी मला फार आवडली (आवडली म्हणजे काय, ते तुम्ही समजून घ्या). पेशीत जे एम-आरएनए नावाचे निरोप फिरतात त्यांच्या तोंडाशी एक टोपी असते. ही टोपी म्हणजे हिंजवडीच्या गेटवरचं आयडी कार्ड. इआयएफ-फोर-ई नावाचं एक प्रोटीन ती टोपी पकडतं, आणि मग निरोप आत, जिथे प्रोटीन बनतात त्या यंत्रापर्यंत पोचतो. आपल्या व्हायरसच्या आरएनएला टोपी नाही. त्याऐवजी त्याच्या तोंडाशी व्हीपीजी नावाचं स्वतःचं प्रोटीन चिकटवलेलं असतं. आणि आपला वॉचमन चक्क त्यालाही धरतो!

या जोडीचा पहिला पुरावा १९९७ मध्ये मिळाला, याच कुळातल्या टर्निप मोझॅक व्हायरसमध्ये. ही पकड व्हायरसला नेमकी कुठल्या पायरीवर लागते यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून चर्चा चालू आहे. पण ती तुटली की बऱ्याचदा व्हायरसचं दुकान बंद होतं, हे नक्की. आणखी एक गंमत. या व्हीपीजीला स्वतःचा असा घट्ट आकारच नाही. बराचसा ढिला, समोरच्याप्रमाणे वळणारा. ज्याला धरायचं त्याच्यासारखं व्हायचं. आमच्याकडे याला डक टायपिंग म्हणतात आणि त्यावरून कॅन्टीनमध्ये भांडणं होतात.

आता मिरची. अमेरिकेत १९६०च्या दशकात 'योलो वाय' नावाची ढोबळी मिरची आली (हसू नका, योलो हे तिथल्या काउंटीचं नाव आहे). ती पोटॅटो व्हायरस वायला दाद देत नसे. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पैदासकारांनी निवडलं, वाढवलं, आपापल्या वाणांत उतरवलं. २००२ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी त्यामागचा जीन उकलला तेव्हा तिथे कोण बसलं होतं? हाच वॉचमन, इआयएफ-फोर-ई. मिरचीत त्याचा आकार किंचित बदललेला होता. टोपी धरता येत होती, पण व्हीपीजी हातात बसत नव्हतं. मग २००३ मध्ये लेट्यूसमधला जुना प्रतिकारक जीन उकलला: तोच. २००४ मध्ये मटारातला: तोच. २००५ मध्ये बार्लीतला, तिथला व्हायरस तर चुलत घराण्यातला: पुन्हा तोच.

इथे मी लॅपटॉप बंद करून चहा करायला उठलो. कारण शेतकरी आणि पैदासकार यांनी वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पिकांत, नुसत्या डोळ्यांनी "हे झाड तग धरतंय, याचं बी ठेव" असं करत करत एकाच प्रोटीनमधले बदल गोळा केले होते. डिबगर नाही, लॉग नाही. आणि आपण इथे प्रॉडक्शन इश्यूला तीन टीम्स कॉलवर घेतो.

आपल्याला लहानपणापासून प्रतिकारशक्ती म्हणजे काहीतरी जास्तीचं, शिपाई, पहारा, असं शिकवलंय. इथे उलटं आहे. झाडात काही वाढवलेलं नाही. व्हायरसला जे लागतं तेच जरा वेगळं करून ठेवलंय. एक कॉपी जुनी राहिली तरी व्हायरसचं भागतं, म्हणून आई आणि बाप दोन्हीकडून बदललेली कॉपी यावी लागते. त्यामुळे साध्या संकरात हा गुण पहिल्या पिढीत दिसतच नाही. वर्षानुवर्षं चिकाटी धरणाराच तो पकडणार.

दुसरी हातमिळवणी काकांच्या अकरा हजारांशी थेट जोडलेली आहे. व्हायरसचं एक प्रोटीन आहे एचसी-प्रो. पपईची स्वतःची अँटी-व्हायरस सिस्टिम असते, अगदी खरीखुरी. ती व्हायरसचा आरएनए एकवीस ते चोवीस अक्षरांच्या तुकड्यांत कापते आणि मग ते तुकडे सर्च स्ट्रिंगसारखे वापरून उरलेला व्हायरस शोधत सुटते. पेशीतला ग्रेप. एचसी-प्रो येतं आणि ते तुकडेच गिळून बसतं. सर्च स्ट्रिंग गायब, शोध बंद. या कुळातल्या व्हायरसांची ही लबाडी १९९८ मध्ये उघडकीला आली.

पण त्याचं मूळ नाव पडलं ते वेगळ्या कामावरून. मावा पपईच्या पानात सोंड खुपसतो तेव्हा हे प्रोटीन पुलासारखं काम करतं. एक टोक सोंडेला, दुसरं टोक व्हायरसच्या आवरणाला. मावा उडून पुढच्या झाडावर बसतो, चव घेण्यासाठी पुन्हा सोंड खुपसतो, झालं. काही सेकंदांत, फार तर मिनिटांत व्हायरस उचलला आणि पोचवला. पपई त्याला विशेष आवडतही नाही. तो तिच्यावर घर करत नाही, शेजारच्या पिकांतून उडत येतो, दोन-चार झाडं चाखतो आणि निघून जातो. काका फोनवर सारखे म्हणत होते, "मावा तर दिसतच नाही भाऊ!" दिसणारच नाही. आणि कीटकनाशकानं तो मरेपर्यंत त्याचं टपाल वाटून झालेलं असतं.

याउलट बागेभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावल्या तर येणारा मावा आधी तिथे सोंड खुपसतो आणि व्हायरस तिथेच पुसला जातो. बियाणं स्वस्त, तंत्रज्ञान शून्य. रोपं नेटमध्ये वाढवणं, रोगट झाड दिसताक्षणी उपटणं, जुन्या बागेशेजारी नवी न लावणं, हेही त्यातलंच. अडचण एवढीच की यात कुणाला बाटली विकता येत नाही.

मी त्या दुकानदाराला पूर्ण दोष देत नाही. त्यालाही कुणीतरी पीपीटी दाखवली असणार. शेतकरी रडकुंडीला येऊन विचारतो आणि "यावर काही नाही" हे उत्तर कुणालाच द्यायचं नसतं. मलाही नव्हतं द्यायचं. पण रोगावर चालतं असं सूचित करायचं आणि लेबलवर मात्र शब्द असे निवडायचे की उद्या कुणी पकडू नये, हा प्रकार माणसांच्या औषधात खपवून घेतला असता का आपण?

बरं, मग बियाण्याचं काय?

पपईची पंचाईत अशी की साध्या पपईत या व्हायरसला ठाम नकार देणारं झाड सापडलेलं नाही. काही वाण सहन करतात. पुण्याच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या केंद्रातही अशा सहनशील निवडींवर काम झालंय. खरा प्रतिकार आहे तो पपईच्या रानटी नातेवाइकांत, आणि त्यांचा पपईशी संकर जमवणं म्हणजे महाकर्मकठीण.

हवाईत वेगळा मार्ग काढला. तिथे १९९२ मध्ये पुना या मुख्य पपईपट्ट्यात हा व्हायरस शिरला. तिथलेच मूळचे डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हायरसच्या आवरणाचा जीन पपईत घालून ठेवला होता. त्यामुळे पपईची ती सर्च सिस्टिम आधीपासून सावध राहते, एचसी-प्रोला संधी मिळण्याआधीच. १९९८ मध्ये हे बियाणं शेतकऱ्यांना फुकट वाटलं गेलं आणि तिथली पपई वाचली. हे काम विद्यापीठ आणि सरकारी संशोधन यांनी केलं होतं, कुठल्या बलाढ्य बियाणे कंपनीनं नव्हे. जीएम म्हटलं की आपल्याकडे एकच चेहरा डोळ्यांसमोर येतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. अर्थात तेच बियाणं आणून इथे लावून भागणार नाही. तो सावधपणा हवाईतल्या व्हायरसच्या अक्षरांवर बेतलेला आहे, आपल्याकडच्या व्हायरसची अक्षरं वेगळी. शिवाय २०१०च्या बीटी वांग्याच्या स्थगितीनंतर आपल्याकडे त्या वाटेवर किती काटे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

पण वॉचमनची वाट मोकळी होतेय. २०१६ मध्ये इस्राएलच्या संशोधकांनी क्रिस्परनं काकडीतला इआयएफ-फोर-ई बंद केला. नंतरच्या पिढ्यांत बाहेरून घातलेला जीन निघून गेला, बदल तेवढा राहिला. ती काकडी तीन व्हायरसांना तोंड देऊ शकली, आणि त्यात एक होता पपया रिंगस्पॉटचाच काकडीवर्गीय भाऊ. हे वाचलं तेव्हा मी रात्री साडेबाराला काकांना मेसेज टाकणार होतो. टाकला नाही. एकदा घाईत सल्ला देऊन झाला होता.

कारण यात मेख आहे. पेशीत हा वॉचमन एकटा नसतो, त्याला एक जुळा असतो. एकाला बंद केलं तर दुसरा काम चालवतो, म्हणून झाड जगतं. दोघांना बंद केलं तर झाडच संपतं. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात तसं दिसलंय. शिवाय काही व्हायरस दोघांनाही वापरतात. आणि व्हायरस स्वतः पॅच टाकतो! व्हीपीजीतली एखाद-दोन अक्षरं बदलून त्यानं नव्या आकाराचा वॉचमन पुन्हा धरल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा "एक एडिट आणि प्रॉब्लेम खल्लास" असं जो सांगेल त्याला बाटलीवाल्याच्याच रांगेत उभा करा.

मला जास्त शहाणा वाटला तो २०१९चा एक प्रयोग. फ्रान्समधल्या गटानं मटारातला नैसर्गिक बदल बघितला आणि तसाच बदल, एकाच अमिनो ॲसिडचा, ॲराबिडॉप्सिसच्या इआयएफ-फोर-ईत केला. वॉचमनला नोकरीवरून काढलं नाही, फक्त त्याचा हात जरा वेगळा केला. टोपी धरणं चालू, व्हायरस बाहेर. फंक्शन डिलीट करू नका, एक ओळ बदला. मिरचीनं आणि मटारानं आपल्याला हेच दाखवून ठेवलं होतं.

आपल्याकडे ३० मार्च २०२२ला पर्यावरण मंत्रालयानं, बाहेरचा जीन शिल्लक नसलेल्या अशा एडिट केलेल्या पिकांना जीएमच्या लांबलचक नियमांतून बऱ्याच अंशी सूट दिली. मे २०२५ मध्ये सरकारी संस्थांनी केलेले दोन जनुक-संपादित भाताचे वाण जाहीरही झाले. म्हणजे हात आहेत, कायदा आहे. भातानंतर कोण? भात-गव्हाला वाली असतात. पपई, मिरची, भेंडी यांचं कोण बघणार? मिरचीचा बोकड्या आणि भेंडीचा केवडा यांचे व्हायरस तर पूर्ण वेगळ्या कुळातले, पांढऱ्या माशीनं पसरणारे. त्यांच्या हातमिळवण्या वेगळ्या, तिथे हा वॉचमन कामाचा नाही. प्रत्येक जोडी वेगळी शोधावी लागणार. हे कंटाळवाणं, वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि तीन महिन्यांत निकाल मागणारा गुंतवणूकदार ते करणार नाही. क्रिस्परची मूळ पेटंट्स परदेशी विद्यापीठं आणि कंपन्यांकडे आहेत, तेव्हा उद्या पपईचं रोप कुणाच्या लायसन्सवर आणि केवढ्याला मिळणार, हाही प्रश्न आजच विचारून ठेवायला हवा. माझ्या पगारातून दर महिन्याला जो टीडीएस कापला जातो त्यातला काही भाग इथे गेला तर मी आनंदानं फॉर्म-१६ फ्रेम करून लावेन :)

असो. मागच्या शनिवारी शेवटी धीर करून काकांना सगळं सांगितलं. वॉचमन, टोपी, मावा, पूल. आणि बाटलीला हो म्हणालो ते चुकलं, हेही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते जाऊ दे. मला आधी सांग, मका किती ओळी लावायचा? आणि पपईच्या किती दिवस आधी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. यावेळी गूगल केलं नाही. कृषी विज्ञान केंद्राचा नंबर शोधून दिला आणि सोमवारी अर्धा दिवस रजा टाकली. त्यांच्याबरोबर कॉलवर मीही बसणार आहे.